नऊ ब्रेक प्लेटा

"मिस्त्री, क्लचची वायर आजच्या आज पायजे. उद्या पहाटे साडेपाचला मला रिंगरोडच्या वळणावर हजर व्हायचंय," घाटगे हवालदार म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

मी त्यांच्या स्कूटरच्या हँडलमधून तुटकी वायर ओढत होतो. हात तिथंच थांबला.

"वळणावर? रविवारी?"

"काय न्हाई. असंच."

"हवालदार, वीस वर्षं ही स्कूटर मी चालती ठेवलीया. असंच म्हणून तुमी कदी साडेपाचला उठला न्हाईसा."

घाटगे मनानं चांगला माणूस, पण त्यांच्या पोटात भाकरी राहायची, गोष्ट राहायची नाही. त्यांनी रस्त्याकडं एकदा बघून घेतलं, स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. ठाण्याला नवीन आलेल्या इन्स्पेक्टर खोत मॅडमनी सापळा लावला होता. रविवारी सकाळी पोरांची मोटारसायकलींची रेस सुटली की वळणाच्या पलीकडं रस्त्यात दोन ट्रक आडवे घालायचे आणि मागून पोलिसांची जीप सोडायची.

"फुडं ट्रक, मागं जीप, दोन्ही अंगाला ऊस, आनि तिथं आत शिरायला वाट न्हाई. जातील कुटं? थांबायलाच लागंल," घाटगे खुशीत म्हणाले. "आता बोलू नका कुटं. माझी नोकरी जाईल."

वायर हातातून सुटून परत हँडलमध्ये गेली, ती मला पुन्हा पकडून ओढावी लागली.

कारण थांबायला लागेल हे घाटगे म्हणत होते, आणि रेसच्या त्या नऊ गाड्या थांबू शकत नाहीत हे साऱ्या कोल्हापुरात मला एकट्याला पक्कं माहीत होतं. त्यांना पुढचा ब्रेक नव्हता. मी काढला होता.

ह्या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा रिंगरोड नुकताच झाला होता आणि जुन्या वीटभट्टीपासून वळणापर्यंत दोन किलोमीटर सरळ, खड्डा औषधालाही नाही. दर रविवारी सकाळी सहाला तिथं रेस लागायची. पैशाची पैज नसायची, नुसती इर्षा. आणि इर्षेला आमच्याकडं पैशापेक्षा जास्त किंमत. गाड्या सगळ्या जुन्या टू-स्ट्रोक, आणि नऊच्या नऊ माझ्या हाताखालून गेलेल्या. हेडचं काम, कार्बोरेटर, सायलेन्सर, सगळं मी केलेलं. पोरं म्हणायची, दिनूमिस्त्रीनं हात लावला की गाडीला पंख फुटतात. असं कुणी म्हटलं की मी खोटं कशाला बोलू, दोन दिवस जमिनीवर नसायचो.

वजन कमी करायचं म्हणून आधी आरसे गेले, मग हॉर्न, मग स्टँड. एक दिवस माझ्याच सुपीक डोक्यातून निघालं, की पुढच्या ब्रेकचे शू ड्रमला जरा जरा घासत असतात, त्यानं गाडी मोकळी पळत नाही. मग मी पुढच्या चाकातली ब्रेकची प्लेट शूसकट काढली आणि त्या जागी लेथवर केलेला हलका बुश बसवला. रेस संपली की पोरं ॲक्सिलरेटरची मूठ सोडायची, गाडी आपोआप मंद व्हायची, मागचा ब्रेक नावाला. पुढं रस्ता मोकळाच असायचा, थांबायची घाई कुणाला होती? काढलेल्या प्लेटा मी गॅरेजच्या फळीवर ओळीनं ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर खडूनं मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर. शेवटच्या प्लेटेवर 'धै' लिहिलं होतं.

धै म्हणजे धैर्यशील. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

मी घाटग्यांची वायर बसवली, शटर ओढलं आणि तसाच ग्रीसच्या हातांनी आक्काच्या घरी गेलो.

धैर्या दारात गाडी धूत होता. बावीस वर्षांचं पोर, फौंड्रीत मोल्डिंगला होतं. शिवाय पोलीस भरतीची लेखी परीक्षा पास झालं होतं, महिन्याभरावर मैदानी चाचणी. आक्का उंबऱ्यात गहू निवडत बसलेली. तिला रेसचं काही माहीत नव्हतं. रविवारी पोरगा पहाटे उठतो तो पळायच्या सरावाला जातो, असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची.

मी धैर्याच्या शेजारी बसलो आणि गाडीची चेन बघितल्यासारखं करत हळूच म्हणालो, "उद्या जायाचं न्हाई. नाकाबंदी हाय."

तो हसला. "मामा, पंधरा दिवसांमागं बी तू हेच सांगितलंस. आमी घाबरून घरात बसलो आनि रस्त्यावर कुत्रं बी न्हवतं."

ते खरं होतं. त्याच्या आदल्या रविवारी रेसमधल्या एका गाडीचा धक्का लागून गवताचा भारा नेणारी एक म्हातारी पडली होती. तिचा हात मोडला. त्या दिवसापासून मला झोप नव्हती आणि ही रेस बंद पडावी असं वाटायला लागलं होतं. पण ते पोरांना तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मी नाकाबंदीची थाप मारली होती. लांडगा आला रे आला.

"या वेळी खरं हाय. वळणापलीकडं ट्रक आडवं लावणार हैत. तुला शंभर मीटरवर आल्यावर दिसतील. कसा थांबशील?"

"तुला कुनी सांगितलं?"

घाटग्यांचं नाव कसं घ्यायचं? मी पुन्हा चेनकडं बघायला लागलो. धैर्यानं तेवढ्यावरनंच निकाल लावला.

"बग, नाव बी न्हाई सांगाय. मामा, तू म्हातारा झालास."

"बरं, मग निदान आत्ता गॅरेजला चल. फुडचा ब्रेक बसवतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

"आनि उद्या मीच एकटा जड गाडी घिऊन पळू? सगळ्यांच्या मागं राहू? परवापासनं भरतीच्या तयारीला लागायचं म्हणून शेवटची रेस हाय मामा माझी. जिंकूनच सोडनार."

"काय कुजबुजताय रे मामा-भाचं?" आक्का उंबऱ्यातून म्हणाली.

"काय न्हाई आये, मामा म्हणतोय चेन ढिली झाली."

आक्का हसली. "मामालाच बगू दे बाबा. त्याच्या हातची गाडी हाय म्हणून मला घोर न्हाई."

मी उठलो. त्या वाक्यानंतर मला तिथं बसवलं नाही. बाकीच्या तिघा-चौघांना फोन लावले, सगळ्यांचं उत्तर एकच. एकजण तर म्हणाला, "मिस्त्री, आता घड्याळ लावून थापा मारताय काय?"

गॅरेजला परत आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. फळीसमोर उभा राहिलो आणि शेवटी एक पोतं घेऊन नऊच्या नऊ प्लेटा त्यात घातल्या. पोतं गाडीला मागं बांधलं आणि मी पोलीस ठाण्याचा रस्ता धरला. वाटेत दोनदा थांबलो. दोन्ही वेळा वाटलं, परत फिरावं, पोरांचं नशीब पोरांबरोबर. पण त्या गाड्यांमध्ये नशिबाचा हात नव्हता, माझा होता.

खोत मॅडम पस्तिशीच्या असतील. किरकोळ अंगाच्या, आवाज शांत. मी पोतं त्यांच्या टेबलासमोर रिकामं केलं. लोखंडाचा आवाज झाला तसे दोन शिपाई धावत आत आले.

"हे काय आहे?"

"ब्रेक हैत मॅडम. फुडच्या चाकाचं. रविवारच्या नऊ गाड्यांचं."

त्यांनी एक प्लेट उचलून अक्षर बघितलं. "कुणी काढले?"

"मी. दिनकर लोहार. मिस्त्री हाय."

"तुम्हाला कळतंय ना, हे तुम्ही कुठं बसून सांगताय?"

"व्हय. तुमी उद्या वळणावर ट्रक लावणार हैसा. लावू नका. पोरं थांबणार न्हाईत. थांबूच शकणार न्हाईत."

ट्रकचं मला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते सोडून काय बी विचारा. दारात उभ्या घाटग्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडमनी तिकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि ते विचारणं सोडून दिलं. मला त्या बाईची पहिली ओळख तिथं पटली.

"मिस्त्री, महिन्यात तीन वेळा आम्ही गेलो," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा पोरं उसातल्या वाटांनी पळाली. पाठलाग करायचा नाही, कुणी पडून मेला तर आमच्यावर येतं. त्या म्हातारीचा हात मोडला, पुढच्या वेळी मान मोडेल. साहेबांची मंजुरी घेतलीय, वर्तमानपत्रवाले येणार आहेत. आणि तुम्ही, ज्यानं ब्रेक काढले तो माणूस, मला सांगताय की सापळा काढा. मी का ऐकू?"

"ऐकू नका. बगा."

"म्हणजे?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला मॅडम. माझी गाडी भाईर हाय. फुडचा ब्रेक सोडवून देतो. कुनाला तरी चालवाय लावा."

त्या उठल्या. ठाण्याच्या मागं कवायतीचं मैदान होतं. मी पान्यानं पुढच्या ब्रेकची वायर सोडली. घाटगे पुढं झाले तर मॅडमनी त्यांना हातानंच थांबवलं आणि स्वतः गाडीवर बसल्या. मैदानाच्या त्या टोकाला जाऊन त्यांनी गाडी वळवली आणि सरळ माझ्याकडं सोडली. मी चुन्याची एक फक्की मारून ठेवली होती, तिथं आल्यावर त्यांनी मागचा ब्रेक दाबला. चाक जाम झालं, गाडी बूड हलवत घसरत गेली, घसरतच राहिली, आणि मैदानाच्या कडेला बांधकामाच्या वाळूचा ढीग होता त्यात मॅडमसकट आडवी झाली.

घाटगे ओरडत धावले. मॅडम स्वतःच उठल्या. कोपर खरचटलं होतं, खाकी बाही फाटली होती. त्यांनी आधी फक्कीकडं बघितलं, मग वाळूकडं.

"साठवर होते मी," त्या म्हणाल्या.

"पोरं एकशेतीसवर असत्यात."

त्यांनी केसांतली वाळू झटकली. मग म्हणाल्या, "ट्रक रस्त्यात लागणार नाहीत. कडेला उभे राहतील. पण रेस उद्या बंद होणार, मिस्त्री. होणार म्हणजे होणार. गाडीवर बसलेला पोरगा मला थांबवता येत नसेल, तर तो खाली उतरलेला कधी सापडेल ते सांगा."

हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनी ते विचारू नये अशी मी देवाची प्रार्थना करत होतो.

वीटभट्टीसमोर रस्त्याच्या पलीकडं शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. पहिल्या-पहिल्या रेसमध्येच एक पोरगा पडून जबर जखमी झाला, तेव्हा मीच रीत पाडली होती की म्हसोबाला नारळ फोडल्याशिवाय रेस सुटायची नाही. गाड्यांना स्टँड नसायचे, म्हणून त्या भट्टीच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवायच्या. इंजिनं बंद, बूट गाडीजवळ काढायचे, आणि अनवाणी रस्ता ओलांडून देवासमोर उभं राहायचं. नारळ मिस्त्रीनं फोडायचा, तो माझा मान. ती दोन-तीन मिनिटं सोडली, तर त्या पोरांना धरणं वाऱ्याला धरण्यासारखं होतं.

मी हे सगळं सांगितलं. देवासमोर हात जोडलेल्या पोरांना धरून द्यायचं, आणि तेही माझ्या हातानं नारळ फोडून. याला जगात एकच शब्द आहे आणि तो मला पुढं पुष्कळ वर्षं ऐकायला मिळाला.

"नारळ फुटल्याचा आवाज भट्टीत ऐकू येतो?" मॅडमनी विचारलं.

"येतो."

"तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल. सवलत नाही."

"मागितली न्हाई."

रविवारी मी नेहमीसारखा पावणेसहाला पोचलो. उजाडत होतं. भट्टीच्या आत अठरा पोलीस दबा धरून बसले होते, हे फक्त मला माहीत. पोरं एकेक करून आली. "आलासा काय मिस्त्री? आमाला वाटलं नाकाबंदीत घावला," म्हणून सगळी हसली. मीही हसलो. गाड्या भिंतीला टेकल्या. धैर्यानं त्याची सगळ्यात टोकाला, रस्त्याकडंच्या बाजूला लावली. बूट निघाले. नऊ पोरं अनवाणी माझ्यामागून रस्ता ओलांडून आली आणि म्हसोबासमोर उभी राहिली. एकानं उदबत्ती लावली.

मी नारळ उचलला. मनात म्हणालो, देवा, पाप माझ्या पदरात घाल, पोरं ठेव. आणि दगडावर आपटला.

नारळ फुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. हातातला जोर कुठं गेला कोण जाणे. पोरांमध्ये चुळबुळ झाली, अपशकुन झाला म्हणून कुणीतरी पुटपुटलं. बाकीच्या आठांनी नारळाकडं बघितलं. धैर्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. लहानपणापासून ओळखत होता तो ते तोंड. एवढ्यात भट्टीतून बुटांचा आवाज आला, कारण पोलिसांना नुसता आपटल्याचा आवाजही पुरला होता.

"मामा?" धैर्या म्हणाला, आणि पळाला.

अनवाणी पायांनी त्यानं रस्ता कसा ओलांडला ते मला दिसलंही नाही. पोलीस गाड्यांच्या ओळीसमोर भिंत करून उभे राहत होते, पण टोकाच्या गाडीपर्यंत भिंत पोचायच्या आत त्यानं ती ढकलून पळवली, उडी मारून बसला आणि गाडी सुरू झाली. किक नाही, काही नाही. मीच केलेलं इंजिन, एका हिसक्यात पेटायचं.

घाटगे जीपकडं धावले. "मॅडम, मागं लागतो!"

"कुणी हलायचं नाही!" मॅडम ओरडल्या. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

मग आम्ही सगळे, पोलीस, आठ पोरं आणि मी, नुसते ऐकत उभे राहिलो. गाडीचा आवाज चढत गेला. तिसरा गिअर, चौथा गिअर. डोळे मिटून मला दिसत होतं, आता काटा शंभरवर, आता एकशेवीसवर. वळणाशी पोचला. आवाज एकदम तुटला. मी खाली बसलो. किती वेळ गेला देव जाणे. मॅडमच्या हातातला वायरलेस खरखरला आणि वळणावरचा शिपाई म्हणाला, "मॅडम, एक गाडी ट्रकांच्या मधून पुढं गेली. निसटला."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आठ पोरांना वाटलं, मी पश्चात्तापानं रडतोय. एकजण माझ्या पायांजवळ थुंकला.

साडेसात वाजता ठाण्यात जबाब सुरू झाले. आठ पोरं भिंतीकडेनं बसली होती, अजून अनवाणीच. घाटगे लिहीत होते. मॅडमनी एकेकाला विचारलं, नववा कोण? एकानंही तोंड उघडलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला, काय सांगू. मग त्या माझ्याकडं वळल्या. टेबलावर नऊ प्लेटा मांडल्या होत्या.

"मिस्त्री, ही 'धै' कुणाची?"

आठ जणांचे डोळे माझ्यावर. ते सगळे धैर्याला ओळखत होते आणि तो माझा कोण हेही. गप्प बसलो असतो तर मॅडमनी फार ताणलं नसतं असं मला अजूनही वाटतं. महिन्यावर भरती होती. गुन्हा नोंदला गेला की ती संपली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण दुसऱ्यांच्या आठ आयांची पोरं मी पोत्यात घालून आणून दिली होती. आता नववं पोर आपलं म्हणून झाकून ठेवलं, तर मग काल मी इथं कशासाठी आलो होतो?

"धैर्यशील बाजीराव इंगवले," मी म्हणालो. "माझा भाचा. फौंड्रीत हाय. पत्ता सांगतो, लिवून घ्या."

घाटग्यांनी लिहिलं. मी सही केली.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. नऊ जणांवर गुन्हे झाले, दंड झाले, लायसन्स गेली. माझ्यावरही झाला, गॅरेजला चार महिने सील होतं. धैर्याची भरती गेली ती गेलीच. फौंड्रीतच राहिला, आता तिथं सुपरवायझर आहे, दोन मुली आहेत त्याला. रिंगरोडवर परत रेस लागली नाही. गावानं मला फितूर म्हटलं, आणि गिऱ्हाइकं बरीच तुटली. कुणाचा जीव गेला नव्हता ना. गेलेल्या जिवासाठी माणसं रडतात, न गेलेल्यासाठी कोण आभार मानणार? आक्का तीन वर्षं माझ्याशी बोलली नाही. दर भाऊबीजेला मी तिच्या दारात जाऊन बसायचो. दोन वर्षं दार उघडलं नाही. तिसऱ्या वर्षी तिनं तबक आणून ओवाळलं, शब्द काढला नाही, आणि मी ताटातला लाडू खाऊन परत आलो. मला एवढं झोंबलेलं आयुष्यात दुसरं काही नाही. तरी त्या सहीबद्दल मला एकदाही वाईट वाटलेलं नाही, आणि त्याचं कारण त्याच सकाळचं आहे.

नऊच्या सुमाराला ठाण्याच्या फाटकात गडबड झाली. मी खिडकीतून बघितलं. धैर्या गाडी ढकलत येत होता. चालवत नव्हता, ढकलत होता. सात किलोमीटर डांबरावरून अनवाणी ढकलत आला होता, पावलं रक्ताळली होती. गाडी त्यानं फाटकाच्या खांबाला टेकवली, आत आला आणि मॅडमसमोर उभा राहिला.

"नववा मी. धैर्यशील इंगवले."

मॅडमनी टेबलावरच्या कागदाकडं बघितलं. त्यावर त्याचं नाव आणि खाली माझी सही होती, ती त्यालाही दिसली. त्यांनी कागद झाकला नाही. "स्वतःहून हजर झाला, असं लिहा," त्या घाटग्यांना म्हणाल्या.

मला वाटलं, आता हा माझ्याकडं बघणार नाही, किंवा बघून थुंकेल. तो माझ्या बाकावर येऊन बसला. समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.

"मामा, वळण घेतलं आनि ट्रक दिसले," तो हळूच म्हणाला. "कडंला हुबे व्हते, पन ते कळायच्या आत मी ब्रेकवर हुबा राहिलो. गाडी थांबंचना. दोन्ही ट्रक माझ्या डोळ्यांम्होरनं मागं गेले तरी थांबंना. थांबली तवा मी खाली उतरलो, उसाच्या आड थांबलो आनि शिपाई गेल्यावर ट्रकापातूर मागं चालत गेलो. मोजत."

"किती?" मी विचारलं.

"एकशे चाळीस पावलं."

भिंतीकडेच्या आठांपैकी कुणीतरी माझ्या नऊ प्लेटांकडं बघितलं आणि मान खाली घातली. घाटग्यांनी पेन थांबवून मॅडमकडं बघितलं.

"जबाबात घ्या," खोत मॅडम म्हणाल्या. "आकड्यात लिहा आणि अक्षरातही."